साडेतीन गुंठ्यांचं क्रिकेट

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, साखऱ्याकडच्या शिवारात, सोयाबीन निघालं आणि हरभरा पेरायला अजून चार दिवस असले की मोकळं रान दिसताच पोरं स्टंप ठोकतात. तिथं जागेची चणचण नसते. चेंडू धुऱ्यापलीकडं गेला की चार, थेट गेला की सहा, आणि शेजाऱ्याच्या तुरीत गेला की शोधाशोध. याच क्रिकेटचा दुसरा अवतार पोरांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. चारी बाजूंनी जाळी, वर जाळी, आत मालिकांमधले ओळखीचे चेहरे, आणि पाच-सहा पावलांवर उभा असलेला क्षेत्ररक्षक. हे खरं क्रिकेट की पोरखेळ, असा वाद पारावर हमखास होतो. वाद घालण्याआधी जागेचा हिशेब मांडून पाहावा.

आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा साधारण ५९ ते ८२ मीटरवर असते. मधला आकडा म्हणून ६५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरलं तर मैदान सव्वातीन एकरांचं भरतं. बंदिस्त क्रिकेटचा जाळीदार पिंजरा असतो २८ ते ३० मीटर लांब, साडेदहा ते बारा मीटर रुंद आणि चार-साडेचार मीटर उंच. मोठ्यात मोठा घेतला तरी ३६० चौरस मीटर, म्हणजे साडेतीन गुंठे. एका मैदानात असे छत्तीस पिंजरे मावतील. खेळपट्टीची लांबी मात्र तीच, २० मीटर १२ सेंटिमीटर. अंगण कापलं, पण देवघर तेवढंच ठेवलं. इतकी जागा कमी केल्यावर खेळाचे नियम जसेच्या तसे राहूच शकत नाहीत. जागा आपले नियम आपणच लिहायला लावते, आणि या खेळाची खरी गंमत तिथंच आहे.

आपल्याकडं हा प्रकार घरोघरी पोचवला तो 'बॉक्स क्रिकेट लीग'नं. डिसेंबर २०१४मध्ये सोनी वाहिनीवर तिचा पहिला मोसम सुरू झाला. मागं एकता कपूर यांची बालाजी टेलिफिल्म्स आणि मॅरिनेटिंग फिल्म्स. खेळाडू सगळे दूरचित्रवाणीवरचे कलाकार, आणि एकाच संघात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. संघांची नावं आयपीएलच्या थाटाची: मुंबई वॉरियर्स, दिल्ली ड्रॅगन्स, जयपूर राज जोशीले, कोलकाता बाबू मोशाय, चेन्नई स्वॅगर्स, पुणे अनमोल रत्न. नावं साऱ्या देशाची असली तरी हिंदी मालिकांचा बहुतेक कारभार मुंबईच्या उपनगरांत चालतो. सकाळी एकाच सेटवर मेकअप करणारी माणसं संध्याकाळी कोलकाता आणि चेन्नई होऊन भांडायची. नंतरचे काही मोसम एमटीव्हीच्या नावानं आले. सासू-सुनेच्या मालिकेतला नायक झेल सोडून डोक्याला हात लावतो, हे बघण्यात क्रिकेटपेक्षा वेगळी मजा होती आणि निर्मात्यांना ती नेमकी ठाऊक होती.

पण खेळाचा साचा काही बालाजीच्या कार्यालयात तयार झाला नाही. छपराखाली क्रिकेटची पहिली नोंद घेण्याजोगी स्पर्धा झाली ती चक्क जर्मनीत. १९६८-६९च्या हिवाळ्यात फ्लेन्सबुर्गमधल्या एका सभागृहात हुसुम क्रिकेट क्लबनं ती भरवली. बाहेर बर्फ, मग करायचं काय! आजचा जाळीतला खेळ मात्र ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथं दोन जोड्यांना जवळपास एकाच सुमारास ही कल्पना सुचली. एक जोडी मायकेल जोन्स आणि पॉल हॅना यांची, दुसरी वेगवान गोलंदाज डेनिस लिली आणि ग्रॅम मोनॅहन यांची. मोकळी गोदामं भाड्यानं घ्यायची, आत जाळ्या ताणायच्या आणि कचेरी सुटल्यावर येणाऱ्या माणसांना तासाच्या हिशेबानं क्रिकेट खेळू द्यायचं. बघता बघता तो धंदा झाला. १९९५मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला या खेळाचा पहिला विश्वचषकही झाला. तेव्हापासून त्यावर ऑस्ट्रेलियाची जवळपास मक्तेदारीच आहे.

पर्थच्या नियमांकडं नीट पाहिलं की पैसे मोजून आलेलं गिऱ्हाईक त्यात स्पष्ट दिसतं. संघात आठ जण. डाव सोळा षटकांचा. फलंदाज जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी बरोबर चार षटकं खेळते, कमी नाही, जास्त नाही. आठही जणांनी प्रत्येकी दोन षटकं टाकायचीच. म्हणजे फलंदाजी आणि गोलंदाजी प्रत्येकाच्या वाट्याला येणारच. आणि सगळ्यांत मोठा बदल हा की बाद झालेला माणूस तंबूत परतत नाही. संघाच्या पाच धावा कापल्या जातात आणि तो पुढचा चेंडू खेळायला उभा राहतो. मोठ्या मैदानावर पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडालेला माणूस उरलेला दिवस सरबत पीत बसतो. वर्गणी भरून आलेला माणूस असा बसायला लागला तर पुढच्या आठवड्यात येईल कशाला? नियम बनवणाऱ्यांनी हे असं बोलून दाखवलं असेल-नसेल, पण व्यवहार तोच दिसतो.

सीमारेषा नाहीच, तेव्हा धावा जाळीकडून येतात. यष्टिरक्षकामागच्या जाळीला चेंडू लागला तर बक्षीस शून्य. फलंदाजाच्या बाजूच्या अर्ध्या भागातली कडेची जाळी, एक. गोलंदाजाकडच्या अर्ध्या भागातली कडेची जाळी, दोन. गोलंदाजामागची सरळ जाळी टप्पा पडून लागली तर चार, थेट लागली तर सहा. ही बक्षिसी पदरात पडायला पळून निदान एक धाव काढावी लागते, आणि पळायचं अंतर खेळपट्टीच्या निम्म्याच्या आसपास. एका षटकाचा हिशेब लावून बघा. पहिला चेंडू जवळच्या कडेला ढकलला आणि जोडी पळाली: एक अधिक एक, दोन. दुसरा पायाशीच अडवला आणि चोरटी धाव घेतली: एक. तिसरा पलीकडच्या कडेला: तीन. चौथा एका टप्प्यात सरळ जाळीवर: पाच. पाचव्यावर दांडी गुल: उणे पाच. सहावा थेट सरळ जाळीवर: सात. सहा चेंडूंत अठरा धावा निघाल्या, पाच गेल्या, हातात राहिल्या तेरा. एका चेंडूनं गेलेलं पुढच्या चेंडूनं भरून काढता येतं, म्हणून षटकात मेलेला असा क्षण जवळजवळ नसतोच.

आणखी एक बारकावा. पहिल्या जोडीच्या धावांची तुलना समोरच्या संघाच्या पहिल्या जोडीशी, दुसरीची दुसरीशी अशी होते आणि त्याचेही गुण मिळतात. सामना हातचा गेला तरी शेवटच्या जोडीला खेळण्यासारखं काहीतरी उरतंच. जाळीवर आदळून उडालेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद; अपवाद थेट षटकाराचा. गोलंदाजाच्या टोकाला असलेला फलंदाज चेंडू सुटण्याआधी क्रीज सोडून निघाला तर त्याला धावबाद करणं, ज्यावरून मोठ्या क्रिकेटमध्ये सभ्यतेचे वाद पेटतात, ते इथं सर्रास चालतं. पळायचं अंतर इतकं कमी की अर्धं पाऊल आधी निघालं तरी धाव फुकटात पडते. आपल्या विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७मध्ये सिडनीला बिल ब्राउनला असं बाद केलं आणि त्यांचं नाव त्या प्रकाराला कायमचं चिकटलं. पर्थच्या जाळीत मंकडांना कोणी बोल लावला नसता.

आता कलाकारांकडं येऊ. मालिकेतल्या नटाला क्रिकेट येत नाही असं नाही. मुंबईत वाढलेल्या पोराला कुठं ना कुठं ते येतंच. पण मोठं मैदान माणसाला उघडं पाडतं. सत्तर मीटरवरून फेक यष्ट्यांपर्यंत पोचवायची तर खांदा रोजच्या सवयीचा लागतो. उंच उडालेल्या चेंडूखाली वीस मीटर पळून उभं राहायचं तर अंदाज मुरलेला लागतो. साडेतीन गुंठ्यांत या दोन्ही गोष्टींची गरजच पडत नाही. फेक दहा-बारा पावलांची, झेल प्रतिक्षिप्त, आणि चुकलेला चेंडू जाळी अडवते. कसबात जमीन-अस्मानाचं अंतर असलेली दोन माणसं इथं एकमेकांसमोर उभी राहू शकतात. बायका आणि पुरुष एका संघात घेता आले त्याचं कारणही निम्मं इथंच आहे.

उरलेलं निम्मं टेनिसच्या चेंडूत आहे. लेदरच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, साध्या टेनिस चेंडूचं ५६ ते ५९ ग्रॅम. आकारात मात्र दोघांत फार फरक नाही. हवेचा अडथळा चेंडूच्या आकारावर ठरतो आणि त्याला पुरून उरण्याची ताकद वजनावर. गणित केलं तर सारख्या वेगानं सुटलेला टेनिस चेंडू हवेत लेदरच्या दुपटीहून जास्त जोरानं मंदावतो. वरची लव आणखी भर घालते. त्यामुळं वेगवान गोलंदाजाचा धाक उतरतो, आणि तोंडावर चेंडू बसला तरी दुसऱ्या दिवशीचं चित्रीकरण अडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बंदिस्त क्रिकेटचा चेंडू टेनिसचा नसतो, पण तोही नेहमीच्या चेंडूपेक्षा आतून मऊच असतो. जाळीला लेदरचा कडक चेंडू परवडला असता. पाच-सहा पावलांवर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला परवडला नसता.

कॅमेऱ्यालाही हाच पिंजरा आवडतो. मोठ्या मैदानावर चेंडू कुठं जाईल ते ठाऊक नसतं, म्हणून चौफेर कॅमेरे आणि चेंडूचा माग काढणारी तयारीची माणसं लागतात. पिंजऱ्यात चेंडू कुठंही गेला तरी चौकटीतच राहतो. पावसाची भीती नाही, सावली सरकत नाही, दिवे ठरलेले. खेळाडूचा चेहरा जवळ, आवाज जवळ. गोलंदाज पुटपुटला तरी ऐकू येतं. जाळीची अडचण वाटेल, पण त्यावर छायाचित्रकारांची जुनी युक्ती आहे. भिंग जाळीला अगदी भिडवून दूरच्या खेळाडूवर नजर धरली की जवळचे धागे इतके धूसर होतात की चित्रात दिसतच नाहीत. जाळी काळी असेल तर आणखी बरं, कारण पांढरे धागे दिव्याच्या उजेडात चमकतात. शिवाय असा सामना सव्वा तासात आटोपतो. मधले रिकामे क्षण कापले की मालिकेच्या जागेत अलगद बसतो.

क्रिकेट टीव्हीसाठी वाकवायची सुरुवात ऑस्ट्रेलियातले वाहिनीमालक केरी पॅकर यांनी केली, असं म्हणायला हरकत नाही. १९७७मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज क्रिकेट उभं केलं: प्रकाशझोत, रंगीत कपडे, पांढरा चेंडू, दोन्ही टोकांना कॅमेरे. पर्थचा लिली पॅकरच्या त्याच तंबूत होता. जाळीतलं क्रिकेट आणि दिव्याखालचं क्रिकेट एकाच देशात, जवळजवळ एकाच काळात जन्मलं, आणि दोन्हीकडं लिली हजर. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हे क्रिकेटपुरतंच नाही, हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला पटवायला फार लांब जावं लागत नाही. बॉक्स क्रिकेट लीगच्या आधी पाचच महिने, २६ जुलै २०१४ला, मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला खेळ दिव्याखालच्या मॅटवर आला, तेरा बाय दहा मीटरच्या आयतात. पहिल्या मोसमाच्या अंतिम सामन्यात अभिषेक बच्चन यांच्या जयपूर पिंक पँथर्सनी यू मुंबाला ३५-२४ असं हरवलं. तिथला एक नियम आठवा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. बंदिस्त क्रिकेटमध्ये बऱ्याच ठिकाणी असाच नियम पाळतात: लागोपाठ दोन चेंडू निर्धाव गेले तर तिसऱ्यावर धावफलक हललाच पाहिजे, नाहीतर पाच धावा वजा. एक खेळ आपल्या मातीतला, एक साहेबाचा, पण बघणाऱ्याच्या सबुरीचा हिशेब दोन्हीकडं तंतोतंत जुळला.

खो-खोचं तर आणखी उघड आहे. ज्या पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४मध्ये या खेळाचे नियम बांधायला सुरुवात झाली, त्याच पुण्यात, बालेवाडीला, २०२२मध्ये अल्टिमेट खो-खो भरली तेव्हा मैदानाची लांबी २७ मीटरवरून २२वर आणली. नऊ मिनिटांची पाळी सातवर आली आणि कुठल्याही दिशेला पळू शकणारा 'वजीर' आला. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली असतील. पण ज्यांनी खो-खो शाळेनंतर पाहिलाच नव्हता ते टीव्हीसमोर बसले. माझ्या मते सौदा वाईट नव्हता.

कलाकारांनी मोठ्या मैदानावर खेळायचाही खटाटोप केला आहे. २०११मध्ये विष्णुवर्धन इंदुरी यांनी सेलिब्रिटी क्रिकेट लीग काढली. त्यात चित्रपटसृष्ट्यांचे संघ होते, आणि २०१३मध्ये मराठीचा 'वीर मराठी' आला. कर्णधार रितेश देशमुख, म्हणजे लातूरजवळच्या बाभळगावचं घराणं. आमच्याकडं त्यामुळं दोन डोळे जास्तच लागले. तिथं चेंडू लेदरचा आणि मैदान पूर्ण. दाक्षिणात्य नट तयारीनं उतरायचे आणि सुरुवातीच्या वर्षांतले चषक चेन्नई आणि कर्नाटकनं वाटून घेतले. २०२३मध्ये त्यांनीही साचा बदलला: वीस षटकांचा डाव मोडून दहा-दहा षटकांचे दोन डाव केले. पुढं मराठी कलाकारांच्या स्वतंत्र स्पर्धाही झाल्या, जाळीतल्याही आणि मैदानावरच्याही. पुण्यातल्या पुनीत बालन सेलिब्रिटी लीगमध्ये तर संघांनी गडकिल्ल्यांची नावं घेतली. नाटकाचे दौरे आणि मालिकेच्या तारखा सांभाळून सरावाला माणसं जमवणं ही त्यातली खरी कसरत असावी.

मार्च २०२४मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, तेव्हा कलाकार मालकाच्या खुर्चीत बसले आणि आत गल्लीतली पोरं खेळली, टेनिसच्या चेंडूनं. अमिताभ बच्चन यांची माझी मुंबई, अक्षयकुमार यांचे श्रीनगर के वीर. एक षटक फलंदाजी करणाऱ्या संघानं निवडायचं. त्यात सोळा धावा काढल्या तर त्या षटकाच्या निम्म्या धावा बक्षीस, नाही जमल्या तर निम्म्या कापायच्या. ही पर्थच्या उणे पाचाचीच चुलत भावकी. उद्घाटनाला मात्र नामवंतांचा सामना झाला आणि त्यात विनोदवीर मुनव्वर फारुकीनं सचिन तेंडुलकरची विकेट काढली. हलक्या चेंडूनं आणि छोट्या डावानं केवढी दरी बुजते, याचा याहून चांगला दाखला मी शोधला नसता.

मुंबईच्या चाळींना हे सगळं पर्थच्या आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्यांनी विश्वचषक भरवला नाही. दोन इमारतींमधली बोळ, अंडरआर्म गोलंदाजी, एक टप्पा एक हात आऊट, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट आणि चेंडू वरून आणायलाही मारणाऱ्यानंच जायचं. काच फुटण्याची भीती हाच तिथला मुख्य नियमकर्ता. आता त्याच शहरात आणि मराठवाड्यातल्या शहरांतूनही तासावर मिळणारी टर्फ आली आहेत. खाली कृत्रिम गवत, त्यात वाळू आणि रबराचे कण, चहूबाजूंनी जाळी, वर एलईडी. दहा-बारा जणांनी वर्गणी काढायची, फोनवर वेळ नोंदवायची, रात्री अकरापर्यंत खेळायचं. गुणलेखनासाठी मोबाइलवर ॲप. नियमांची पाटी प्रत्येक टर्फवर वेगळी, आणि सगळ्यांत जास्त भांडण एकाच कलमावर: वरच्या जाळीला चेंडू लागला तर काय?

हे भांडण टर्फवरच्या पोरांपुरतं नाही. १६ ऑगस्ट २०००ला मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात छपराखालचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. छप्पर इतकं उंच की चेंडू पोचायचा नाही, असं वाटावं. पण त्याच मैदानावरच्या बिग बॅश लीगच्या सामन्यांत तो पोचला. जानेवारी २०२३मध्ये एकाच सामन्यात ज्यो क्लार्क आणि बो वेबस्टर या दोघांचे उंच उडालेले फटके छताला लागले आणि नियमाप्रमाणे दोन्ही वेळा पंचांनी षटकार दिला. चेंडू दूर गेले नव्हते, नुसते उंच गेले होते; छत नसतं तर खाली क्षेत्ररक्षक हात पसरून उभे होतेच. गोलंदाजाची बाजू घेणाऱ्यांनी त्यावर बरीच ओरड केली. पत्र्याच्या शेडखाली खेळणाऱ्या आपल्या पोरांकडं याचा निकाल कधीचा तयार आहे: वर लागला तर डेड बॉल, परत टाक.